व्हर्च्युअल मशीनला नेटवर्क कसं जोडायचं: नॅट, होस्ट-ओन्ली, ब्रिज, आणि कुठे काय लावायचं

व्हर्च्युअल मशीन बनवणं आता अवघड राहिलेलं नाही, आयएसओ लावला, चार वेळा नेक्स्ट दाबलं की आत लिनक्स उभं राहतं. गाडी अडते ती नेटवर्कपाशी. आतून इंटरनेट मस्त चालतं पण होस्टवरून (म्हणजे तुमच्या खऱ्या कॉम्प्युटरवरून) एसएसएच (टर्मिनलमधून दुसऱ्या मशीनमधे लॉगिन) होत नाही, नाहीतर दोन मशीन एकमेकांना पिंगच (पोचतंय का हे बघणारी छोटी हाक) करत नाहीत, नाहीतर आयपीच मिळत नाही. आणि मग कोणीतरी हमखास सांगतं की ब्रिज करून टाक, सगळं चालेल. मला हा सल्ला पटत नाही. ब्रिज केलं की तुमचं अर्धवट सेट केलेलं, साधा पासवर्ड असलेलं टेस्ट मशीन थेट अख्ख्या नेटवर्कसमोर उघडं पडतं, आणि दहापैकी आठ कामांना त्याची काहीच गरज नसते. त्यामुळे कुठला मोड निवडायचा आणि तो का, हे नीट समजून घेऊया. मुख्य उदाहरणं व्हर्च्युअलबॉक्सची देतोय कारण शिकणारे बहुतेक जण तिथूनच सुरू करतात, पण व्हीएमवेअर, केव्हीएम (लिनक्समधलं) आणि हायपर-व्ही (विंडोजमधलं) ही तशीच दुसरी सॉफ्टवेअर जिथे वेगळी वागतात तिथे तेही सांगतो.

आधी चार प्रश्न

सेटिंग उघडायच्या आधी एवढं ठरवा. गेस्टला, म्हणजे आतल्या व्हर्च्युअल मशीनला, बाहेर इंटरनेटवर जायचंय का? होस्टवरून गेस्टमधे शिरायचंय का, म्हणजे एसएसएच, वेब सर्व्हर, डेटाबेस वगैरे? दोन-तीन गेस्टना आपापसात बोलायचंय का? आणि नेटवर्कवरच्या बाकीच्या लोकांना, म्हणजे दुसऱ्या लॅपटॉपला किंवा मोबाईलला, हा गेस्ट दिसायला हवाय का?

फक्त पहिल्याचं उत्तर हो असेल तर नॅट पुरे. पहिलं आणि दुसरं हो असेल तर नॅटमधे पोर्ट फॉरवर्डिंग (होस्टच्या एका पोर्टवर, म्हणजे ठरलेल्या दार-क्रमांकावर, आलेलं कनेक्शन गेस्टकडे वळवणं), किंवा त्याहून चांगलं म्हणजे नॅट अधिक होस्ट-ओन्ली (फक्त होस्ट आणि गेस्टमधलं नेटवर्क) अशी गेस्टला दोन नेटवर्क कार्डं, आणि तिसरा प्रश्नही त्याच जोडीत सुटतो. ब्रिज लागतो तो फक्त चौथ्या प्रश्नासाठी. एवढं डोक्यात पक्कं बसलं की पुढचं सगळं सोपं जातं.

नॅट

नवीन मशीन बनवलं की व्हर्च्युअलबॉक्स आपोआप हाच मोड लावतो. गेस्टमधून निघालेलं प्रत्येक पॅकेट होस्टच्या नावाने बाहेर जातं, राउटरला गेस्ट नावाचं काही अस्तित्वात आहे हेच कळत नाही. ऑफिसातल्या एक्स्टेंशन फोनसारखं, आतून बाहेर फोन लागतो पण बाहेरच्याला तुमचं एक्स्टेंशन थेट डायल करता येत नाही.

गेस्टला मिळणारा आयपी बहुतेक वेळा १०.०.२.१५ असतो, गेटवे (बाहेर जायचं दार) १०.०.२.२ आणि डीएनएस (साईटच्या नावावरून आयपी शोधून देणारा) १०.०.२.३. इथे एक गोष्ट नवख्यांना खूप छळते: दोन मशीन चालू केली, दोन्हीत आयपी बघितला, आणि दोन्हीकडे १०.०.२.१५! बिघाड झालाय असं वाटतं, पण तसं नाहीये. व्हर्च्युअलबॉक्सच्या साध्या नॅटमधे प्रत्येक मशीनला स्वतःचं वेगळं नॅट इंजिन मिळतं, म्हणजे प्रत्येकाचं आपलं एक छोटं बंद नेटवर्क, त्यामुळे पत्ता तोच असला तरी भांडण होत नाही, आणि त्याच कारणाने ती एकमेकांना कधीच पिंग करू शकणार नाहीत, तुम्ही फायरवॉल कितीही बंद करा.

व्हीएमवेअर आणि केव्हीएमचं नॅट मात्र वेगळं वागतं. व्हीएमवेअरमधे व्हीएमनेट८ नावाचं एकच नॅट नेटवर्क असतं, सगळी मशीन त्यात, होस्टला त्यात शेवटी .१ असलेला पत्ता आणि नॅटचा गेटवे .२ वर. केव्हीएममधे लिबव्हर्टचं (केव्हीएमची मशीन सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचं) डिफॉल्ट नेटवर्क १९२.१६८.१२२.० चं असतं आणि होस्टवर व्हर्बीआर० नावाचा ब्रिज १९२.१६८.१२२.१ घेऊन बसलेला असतो. या दोन्हीत होस्टवरून गेस्टला थेट एसएसएच होतं आणि गेस्टही एकमेकांशी बोलतात. व्हर्च्युअलबॉक्सचा लेख वाचून व्हीएमवेअरवर पोर्ट फॉरवर्डिंग शोधत बसणारे लोक मी बघितलेत, होस्टवरून जायला तिथे त्याची गरजच नसते.

नॅटचा अजून एक फायदा फारसं कोणी सांगत नाही. होस्टवर व्हीपीएन चालू असेल तर व्हर्च्युअलबॉक्सच्या नॅटमधला गेस्टही सहसा त्याच व्हीपीएनमधून जातो, कारण त्याची सगळी कनेक्शन होस्टवरचा प्रोग्रॅमच उघडत असतो. ब्रिजमधे तसं होत नाही, गेस्ट सरळ राउटरकडे जातो. ऑफिसच्या कामासाठी हा फरक मोठा आहे.

नॅटमधे पोर्ट फॉरवर्डिंग

समजा एकच मशीन आहे आणि फक्त एसएसएच हवंय. मशीनच्या सेटिंग्जमधे नेटवर्क उघडा, अडॅप्टर १ नॅटवर आहे ना ते बघा, पोर्ट फॉरवर्डिंगचं बटण दाबा, दिसत नसेल तर ॲडव्हान्स्ड किंवा एक्स्पर्ट भागात असतं. प्लसचं चिन्ह दाबून नवीन नियम टाका. नाव काहीही द्या, प्रोटोकॉल टीसीपी, होस्ट आयपी १२७.०.०.१, होस्ट पोर्ट २२२२, गेस्ट आयपी रिकामा, गेस्ट पोर्ट २२. मशीन बंद करायची गरज नाही, चालू असतानाही नियम लागतो. मग होस्टच्या टर्मिनलमधून लोकलहोस्टच्या २२२२ पोर्टवर एसएसएच करा, आत जाल.

होस्ट आयपीचा रकाना बरेच जण रिकामा सोडतात. रिकामा सोडला तर तो पोर्ट होस्टच्या सगळ्या कार्डांवर उघडतो, म्हणजे त्याच वायफायवरचा कोणीही तुमच्या होस्टच्या आयपीवर २२२२ टाकून गेस्टच्या लॉगिनपर्यंत पोचू शकतो. १२७.०.०.१ लिहिलं की फक्त तुमच्याच मशीनवरून. दोन सेकंदाचं काम आहे, लिहाच. आणि लिनक्स किंवा मॅक होस्ट असेल तर होस्ट पोर्ट १०२४ च्या वरचाच घ्या, खालच्या पोर्टना ॲडमिनचे हक्क लागतात, म्हणून वेब सर्व्हरसाठी होस्टवर ८०८० आणि गेस्टवर ८० असं करा.

नियम बरोबर असूनही पेज उघडत नसेल तर गेस्टमधला सर्व्हर नेमका कुठल्या पत्त्यावर ऐकतोय ते बघा. डेव्हलपमेंटचे बरेच सर्व्हर मुद्दाम १२७.०.०.१ वरच ऐकतात, आणि फॉरवर्ड होऊन येणारं कनेक्शन गेस्टच्या १०.०.२.१५ वर येतं, लूपबॅकवर (मशीनच्या स्वतःपुरत्या १२७.०.०.१ पत्त्यावर) नाही. सर्व्हर ०.०.०.० वर, म्हणजे मशीनच्या सगळ्या पत्त्यांवर, ऐकायला लावा, काम होईल.

नॅट नेटवर्क

दोन-तीन गेस्टनी आपापसात बोलायचंय आणि इंटरनेटही हवंय, पण होस्टवरून जायची गरज नाही, तर व्हर्च्युअलबॉक्समधे नॅट नेटवर्क नावाचा वेगळा पर्याय आहे. आधी टूल्समधल्या नेटवर्क मॅनेजरमधे जाऊन एक नॅट नेटवर्क तयार करायचं, मग प्रत्येक मशीनचं अडॅप्टर १ त्यावर लावायचं. आता प्रत्येकाला वेगळा आयपी मिळेल. होस्टवरून शिरायला इथेही पोर्ट फॉरवर्डिंगच लागतं, म्हणून मी हा मोड कमी वापरतो, पुढची जोडी जास्त कामाची आहे.

नॅट अधिक होस्ट-ओन्ली: रोजच्या कामाची खरी जोडी

घरच्या लॅबसाठी, शिकण्यासाठी, डेव्हलपमेंटसाठी माझं उत्तर जवळजवळ नेहमी हेच असतं. अडॅप्टर १ नॅट, इंटरनेट आणि अपडेटसाठी. अडॅप्टर २ होस्ट-ओन्ली, होस्ट आणि गेस्टच्या आपापल्या गप्पांसाठी. बाहेरच्या कोणाला काही दिसत नाही, तुम्ही लॅपटॉप घेऊन कुठल्याही वायफायवर गेलात तरी गेस्टचा आयपी बदलत नाही, आणि वायफाय नसलं तरी होस्टवरून गेस्टमधे काम चालू राहतं.

पहिली पायरी, होस्ट-ओन्ली नेटवर्क आहे का ते नेटवर्क मॅनेजरमधे बघा. विंडोजवर इन्स्टॉल करतानाच एक तयार होतं, लिनक्सवर बहुधा क्रिएट दाबून बनवावं लागतं. नेहमीचे आकडे असे: होस्टचा पत्ता १९२.१६८.५६.१, डीएचसीपी सर्व्हर (आपोआप आयपी वाटणारा) १९२.१६८.५६.१००, आणि तो गेस्टना १०१ पासून २५४ पर्यंतचे पत्ते वाटतो. हे आकडे लक्षात ठेवा कारण स्टॅटिक (हाताने दिलेला, न बदलणारा) पत्ता द्यायचा तर तो या रेंजच्या बाहेरचा घ्यायचा, उदाहरणार्थ १९२.१६८.५६.१०, दुसऱ्या मशीनला ११, तिसऱ्याला १२.

लिनक्स किंवा मॅक होस्टवर स्वतःच्या मनाचा दुसरा पत्ता टाकायला गेलात, समजा १०.१०.१०.१, तर व्हर्च्युअलबॉक्स नाही म्हणेल. आवृत्ती ६.१.२८ पासून होस्ट-ओन्लीला मुळात १९२.१६८.५६.० ते १९२.१६८.६३.२५५ एवढीच हद्द दिलेली आहे, बाहेरची रेंज हवी तर इटीसी फोल्डरमधे व्हीबॉक्स नावाचा फोल्डर करून त्यात नेटवर्क्स डॉट कॉन्फ फाईलमधे ती रेंज लिहावी लागते. खास कारण नसेल तर ५६ वरच राहा.

दुसरी पायरी, मशीन पूर्ण बंद करा, सेव्ह स्टेट नाही, शटडाऊन, कारण नवीन कार्ड चालू मशीनला लागत नाही. सेटिंग्ज, नेटवर्क, अडॅप्टर २, एनेबलवर टिक, आणि होस्ट-ओन्ली निवडा. ग्राफिकल खिडकीत चारच अडॅप्टर दिसतात, कमांडने आठपर्यंत लावता येतात, पण चार सहसा पुरतात.

तिसरी पायरी गेस्टच्या आतली आणि बहुतेक जण इथेच अडकतात. मशीन चालू करून आयपी ए कमांड मारा. पहिलं कार्ड ईएनपी०एस३ नावाने दिसेल, १०.०.२.१५ घेऊन. दुसरं ईएनपी०एस८, आणि त्याला पत्ताच नाही, कधीकधी डाऊन सुद्धा. उबंटू सर्व्हर इन्स्टॉल करताना जे कार्ड नव्हतं त्याचं कॉन्फिगरेशन तो स्वतःहून करत नाही, ते आपल्याला लिहायला लागतं. नेटप्लॅनच्या (उबंटूच्या नेटवर्क सेटिंगच्या) फोल्डरमधली यॅमल फाईल उघडा, पहिल्या कार्डाच्या खाली त्याच पातळीवर दुसऱ्या कार्डाचं नाव लिहा, त्याच्या आत डीएचसीपी४ ला फॉल्स, आणि ॲड्रेसेसमधे १९२.१६८.५६.१० तिरकी रेघ २४. टॅब वापरू नका, स्पेसच, यॅमलला टॅब चालत नाही आणि एरर मेसेज वाचून ते पटकन लक्षात येत नाही. मग नेटप्लॅन ट्राय मारा. ॲप्लायपेक्षा ट्राय चांगलं कारण तुम्ही १२० सेकंदात एंटर दाबून मान्य केलं नाही तर ते जुनं सेटिंग परत आणतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं: दुसऱ्या कार्डाला गेटवे देऊ नका. डीएनएसही नको. स्टॅटिक आयपी म्हटलं की हाताला सवय असते पत्ता, मास्क, गेटवे असं ओळीने भरायची, आणि होस्ट-ओन्लीला १९२.१६८.५६.१ गेटवे दिला की गेस्टमधे दोन डिफॉल्ट रस्ते तयार होतात, इंटरनेटची पॅकेट होस्ट-ओन्लीकडे जायला लागतात, तिथून पुढे रस्ता नाही, आणि कालपर्यंत चालणारं इंटरनेट बंद. आयपी राउट कमांड मारून बघा, डिफॉल्टने सुरू होणारी ओळ एकच हवी आणि ती ईएनपी०एस३ कडे जाणारी हवी.

चौथी पायरी, तपासणी. गेस्टमधून ८.८.८.८ ला पिंग, मग एखाद्या साईटच्या नावाला पिंग, मग होस्टवरून १९२.१६८.५६.१० ला एसएसएच. उलट दिशेने, म्हणजे गेस्टमधून १९२.१६८.५६.१ ला पिंग करून बघताना होस्ट विंडोज असेल तर उत्तर येणार नाही अशी शक्यता खूप आहे, विंडोजची फायरवॉल बाहेरून येणारे पिंग मुळातच अडवते. पिंग येत नाही म्हणजे नेटवर्क तुटलंय असं लगेच समजू नका, आधी एसएसएच करून बघा.

ब्रिज, जिथे खरंच लागतो तिथे

मोबाईलवरून ॲप टेस्ट करायचंय आणि सर्व्हर गेस्टमधे आहे, घरात फाईल सर्व्हर किंवा होम ऑटोमेशनचं मशीन कायमचं चालवायचंय, किंवा एखादं सॉफ्टवेअर ब्रॉडकास्टने (नेटवर्कवरच्या सगळ्यांना एकदम हाक मारून) दुसरी उपकरणं शोधतं, अशा वेळी ब्रिज बरोबर आहे. यात गेस्ट स्वतःच्या मॅक ॲड्रेससकट (नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक, पुढे नुसतं मॅक म्हटलंय; ॲपलच्या मॅकशी संबंध नाही) सरळ राउटरकडे जातो, राउटरच्या डीएचसीपीकडून आयपी घेतो आणि नेटवर्कवर एक वेगळा कॉम्प्युटर म्हणून दिसतो.

आधी गेस्टमधली फायरवॉल चालू करा, पासवर्डने एसएसएच बंद करून त्याजागी एसएसएच-की (किल्लीची फाईल) लावा, मगच ब्रिज करा. क्रम उलटा नको. मग अडॅप्टर ब्रिज्डवर टाकून खालच्या यादीतून होस्टचं बरोबर कार्ड निवडा. ही यादी नीट वाचा, तिथे व्हीपीएनचं, ब्लूटूथचं, जुन्या डॉकिंग स्टेशनचं असली कार्डंही असतात, आणि चुकीच्या कार्डाला ब्रिज झाला की आयपी मिळत नाही. व्हीएमवेअरमधे ब्रिज म्हणजे व्हीएमनेट० आणि तो ऑटोमॅटिकवर असतो, तो भलतंच कार्ड उचलत असेल तर व्हर्च्युअल नेटवर्क एडिटरमधे जाऊन हाताने कार्ड ठरवून द्या. पत्ता कायम एकच हवा तर गेस्टमधे स्टॅटिक टाकण्यापेक्षा राउटरमधे त्या मॅक ॲड्रेसला पत्ता राखून ठेवा, पुढे टक्कर होत नाही. मॅकच्या सुरुवातीवरून मशीन ओळखता येतं, ०८:००:२७ म्हणजे व्हर्च्युअलबॉक्स, ५२:५४:०० म्हणजे केव्हीएम.

वायफायवर ब्रिज कटकटीचा का असतो ते समजून घ्या. वायफायवरचं साधं उपकरण ॲक्सेस पॉइंटशी एकाच मॅकने जोडलेलं असतं, आणि दुसऱ्या मॅकने पाठवलेली पॅकेट ॲक्सेस पॉइंट स्वीकारत नाही. व्हर्च्युअलबॉक्स आणि व्हीएमवेअर ही दोन्ही मधल्यामधे मॅक बदलून देतात, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी चालून जातं, पण सगळीकडे नाही. केव्हीएमवर लिनक्सचा साधा ब्रिज वापरणार असाल तर नेहमीच्या मोडमधलं वायफाय कार्ड त्यात घालताच येत नाही, तिथे केबल लावा किंवा नॅटवर राहा. ऑफिस आणि कॉलेजच्या नेटवर्कवर तर केबल असूनही स्विच एका पोर्टवर एकच मॅक चालू देतो असं असू शकतं, आणि तिथे दुसरा मॅक दिसला की कधीकधी अख्खा पोर्टच बंद होतो, म्हणून आधी नेटवर्क बघणाऱ्या माणसाला विचारा.

केव्हीएममधे ब्रिज करताना होस्टचा आयपी कार्डावरून काढून नवीन ब्रिजवर न्यावा लागतो, आणि त्या क्षणी होस्टचं कनेक्शन तुटतं. दूरच्या सर्व्हरवर एसएसएचमधून हे करू नका, समोर कन्सोल असेल तेव्हाच करा. सोपं म्हणून लोक मॅकव्हीटॅप (वेगळा ब्रिज न बनवता गेस्टला थेट होस्टच्या कार्डावर बसवणारा पर्याय) निवडतात, त्यात बाकी सगळं चालतं पण होस्ट आणि गेस्ट एकमेकांशी बोलू शकत नाहीत, ती त्याची रचनाच आहे, तासभर फायरवॉल तपासून उपयोग नाही.

इंटर्नल

पूर्ण बंद नेटवर्क, फक्त गेस्ट आपापसात, होस्टसुद्धा नाही. एकाच नावाच्या इंटर्नल नेटवर्कवर लावलेली मशीन एकमेकांना दिसतात, पत्ते मात्र स्वतःच द्यायचे कारण डीएचसीपी मुळात चालू नसतो. पीएफसेन्ससारखी फायरवॉल शिकायची असेल तर हे छान आहे: फायरवॉलच्या मशीनला दोन कार्डं, एक नॅट, एक इंटर्नल, आणि बाकीची मशीन फक्त इंटर्नलवर, म्हणजे सगळ्यांचं इंटरनेट तुमच्या फायरवॉलमधूनच जाईल. संशयास्पद फाईल तपासायची असेल तरी इंटर्नलच, होस्ट-ओन्ली नाही, कारण होस्ट-ओन्लीत होस्टपर्यंत रस्ता उघडा असतो.

हायपर-व्हीमधे

तिथे मोड मशीनला नाही तर स्विचला असतो. एक्स्टर्नल म्हणजे ब्रिज, इंटर्नल म्हणजे होस्ट-ओन्लीसारखं, प्रायव्हेट म्हणजे फक्त गेस्ट. म्हणजे हायपर-व्हीचं इंटर्नल आणि व्हर्च्युअलबॉक्सचं इंटर्नल एक नाही, इकडून तिकडे जाताना सांभाळा. विंडोज १० आणि ११ वर डिफॉल्ट स्विच आयता मिळतो, त्यात नॅट आणि डीएचसीपी दोन्ही आहे, पण होस्ट रीस्टार्ट केल्यावर त्याची रेंज बदलू शकते, त्यामुळे त्यावर स्टॅटिक आयपी टाकू नका. पक्का पत्ता हवा तर इंटर्नल स्विच बनवा, होस्टच्या त्या कार्डाला हाताने पत्ता द्या, पॉवरशेलमधे न्यू-नेटनॅट कमांडने त्या रेंजला नॅट लावा, आणि गेस्टमधे होस्टचा तो पत्ता गेटवे म्हणून टाका. इथे डीएचसीपी नसतो, पत्ते हाताने. एक्स्टर्नल स्विच बनवताना मॅनेजमेंट ऑपरेटिंग सिस्टिमला कार्ड शेअर करू द्या अशी टिक असते ती काढू नका, नाहीतर त्या कार्डावरून होस्टचंच नेट जाईल.

चालत नसेल तर या क्रमाने बघा

खालून वर जा, उड्या मारू नका. आधी कार्ड जोडलंय का, सेटिंगमधे केबल कनेक्टेडवर टिक आहे का. मग पत्ता: १६९.२५४ ने सुरू होत असेल तर डीएचसीपीकडून काहीच आलं नाही, चूक कार्ड निवडण्यात किंवा डीएचसीपी सर्व्हरमधे आहे. मग गेटवेला पिंग. मग ८.८.८.८ ला. हे चालतंय आणि नाव टाकलं की चालत नाही, तर फक्त डीएनएसचा घोळ आहे, बाकी कशालाही हात लावू नका. क्यूईएमयूच्या (केव्हीएमबरोबर वापरलं जाणारं सॉफ्टवेअर) युजर मोड नेटवर्कमधे मात्र पिंग बऱ्याचदा चालतच नाही आणि ब्राउझर व्यवस्थित चालतो, तिथे पिंगवर विसंबू नका. शेवटी गेस्टमधे एसएस कमांडने बघा की तुमचा सर्व्हर कुठल्या पत्त्यावर आणि पोर्टवर ऐकतोय.

क्लोन केलेली मशीन हा वेगळाच त्रास. क्लोन करताना सगळ्या कार्डांना नवीन मॅक द्या हा पर्याय निवडा, नाहीतर एकाच नेटवर्कवर दोन सारखे मॅक येतात आणि कनेक्शन लागतं-तुटतं असं चालू राहतं, जे शोधायला फार वेळ जातो. मॅक वेगळे असूनही उबंटूच्या दोन क्लोनना डीएचसीपीकडून एकच आयपी मिळत असेल तर कारण मशीन-आयडी, तो क्लोनबरोबर कॉपी होतो आणि डीएचसीपीला ओळख म्हणून तोच पाठवला जातो. क्लोन करायच्या आधी मूळ मशीनमधली इटीसीतली मशीन-आयडी फाईल रिकामी करून ठेवा, डिलीट नाही, रिकामी, म्हणजे प्रत्येक क्लोन पहिल्यांदा सुरू होताना स्वतःचा नवा आयडी बनवेल.

राहिला कार्डाचा प्रकार. व्हर्च्युअलबॉक्स मुळात इंटेल प्रो/१००० देतो, तो जवळपास सगळीकडे चालतो. लिनक्स गेस्ट असेल तर व्हर्टआयओ (खास व्हर्च्युअल मशीनसाठी बनवलेला कार्डाचा प्रकार) लावा, होस्टवर बोजा कमी पडतो आणि ड्रायव्हर कर्नलमधेच असतो. विंडोज गेस्टला व्हर्टआयओचा ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो, म्हणून इन्स्टॉल इंटेलवर करा, ड्रायव्हर टाका आणि मग मशीन बंद करून कार्ड बदला.